डावी गाठ

हसर मूला त्या कापडातून काय मिळणार होते, याचा हिशेब तसा सोपा होता. बावीस हात लांब काळ्या कापडावर, ज्यावर निर्वासितांच्या छावणीतून आलेली प्रत्येक बाई आपली बाहुली शिवत होती, एक वीतभर जागा. जागेखाली तिचे नाव, नावाखाली फिओनाने लिहिलेल्या तीन ओळी. दर गुरुवारी दुपारी दोन तास हीटरची ऊब, जी ऑस्ट्रेलियातल्या वेरिबीच्या वाऱ्यात आठवडाभर ब्रोकोली बांधणाऱ्या बोटांना औषधासारखी लागायची. दुधाळ चहा, ज्याला डे बू आजी ‘आजाऱ्याचा चहा’ म्हणायच्या आणि तीन कप प्यायच्या. आणि सगळ्यात मोठी जमा म्हणजे एक खुर्ची. पस्तिशीला टेकलेल्या बिनलग्नाच्या बाईला बायकांच्या घोळक्यात जागा नसते, आणि पोरींच्या घोळक्यात तिचे वय आडवे येते. चर्चबाहेर सुपारी चघळत बायका उभ्या राहिल्या की हसर मू जवळ गेल्यावर बोलणे एकदम भाताकडे किंवा हवेकडे वळायचे. सुई हातात असली की मात्र तू कुठल्या बाजूची असे कोणी विचारत नाही. सगळ्यांच्या माना खाली असतात. एवढ्यासाठी ती यायची. जाण्यासारखे तिच्यापाशी काही उरले आहे, हे तिच्या लक्षातच नव्हते. ते त्या गुरुवारी डे बू आजींच्या एका थट्टेने लक्षात आले.

आजींची नजर अधू, पण जिथे नको तिथे बरोबर पोचणारी. त्या स्वतःच्या बाहुलीशेजारी सातवे डुक्कर शिवत होत्या. फिओनाने, म्हणजे कौन्सिलने, इथल्या नगरपालिकेने, या कामावर नेमलेल्या बाईने, दोनदा सुचवून पाहिले होते की डुकरांऐवजी सैनिक दाखवता येतील, हेलिकॉप्टर दाखवता येईल, ग्रंथालयात येणाऱ्या लोकांना ते लवकर कळेल. आजी म्हणाल्या होत्या, “सैनिकांची तोंडं मी बघितली नाहीत, मी पळत होते. डुकरं माझी होती, ती मला तोंडपाठ आहेत.” हे पाच मिनिटे चालले. हसर मूच्या भावाची बायको ला से वहिनींनी, ज्यांचे इंग्रजी छावणीतल्या शाळेत चौथीला थांबले होते, त्याचे भाषांतर केले, “आजी दुःखी आहे.” फिओनाने आजींच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि वहीत काहीतरी लिहून घेतले होते.

तर आजींनी सुईत दोरा ओवण्यासाठी मान वर केली आणि ती वर करताना नजर शेजारच्या बाहुलीवर अडकली.

“हसर मू, अगं, कुमारिकेच्या पांढऱ्या झग्यावर बी? लग्न उरकलंस की काय गुपचूप? जेवायला तरी बोलवायचं.”

टेबलाभोवती हसू उठले. हसर मूने खाली पाहिले. गेले तीन गुरुवार ती जे शिवत होती ते तिने आता पहिल्यांदा पाहिले. पांढऱ्या सुती कापडाची बाहुली, गळ्यापासून पायापर्यंत लांब सरळ झगा, लग्न न झालेल्या मुलीचा. आणि त्या झग्याच्या छातीवर नदीकाठच्या गवताच्या पांढऱ्या, खड्यासारख्या टणक बिया, लाल दोऱ्याने फुलासारख्या बसवलेल्या, अकरा. झग्यावर बी कोणी लावत नाही. बी लागते ती काळ्या चोळीवर, आणि काळी चोळी लागते लग्नाच्या दिवशी, आणि त्यानंतर मरेपर्यंत. हे सांगावे लागत नाही. सात वर्षांच्या पोरीलाही कळते. तिच्या हातांना कळले नव्हते, किंवा त्यांनाच तेवढे कळले होते.

“आणि गाठी बघा,” आजींचे सुटलेले तोंड आता थांबत नव्हते. “सगळ्या डावीकडे. आपल्या टा ब्लेसारख्या. काय गं, दोघी एकाच सासूच्या हाताखालच्या की काय?”

पुन्हा हसू. टा ब्ले समोर बसली होती. सहा महिन्यांपूर्वी छावणीतून आलेली, सव्वीस-सत्तावीस वर्षांची विधवा, दोन मुलींची आई, अजून दुकानाचे आपोआप उघडणारे दार आले की थबकणारी. ती हसली नाही, रागावलीही नाही. वाकून तिने हसर मूची बाहुली पाहिली, मग स्वतःची. म्हणाली, “आमच्या सासूबाई डावखुऱ्या होत्या ना. त्यांच्यासमोर बसून शिकलं की गाठ डावीकडेच पडते. ताई, तुमची पण कोणी डावखुरी होती?”

“आई,” हसर मू म्हणाली. तिची आई उजवी होती.

फिओनाने विचारले, बायका कशाला हसताहेत. ला से वहिनी म्हणाल्या, “लग्न.” फिओनाला आनंद झाला. पण वहिनींची सुई थांबली होती आणि त्या हसर मूकडे अशा बघत होत्या की जणू चुलीवरचे उतू जाते आहे आणि हाताला फडके सापडत नाही.

डावखुरी. सोळा वर्षांत तो शब्द कोणी उच्चारला नव्हता, आणि उच्चारल्याबरोबर थी वा गावातले ते बांबूचे ओटीवजा घर तिच्या पायाखाली करकरले. सासू समोर बसलेली, मध्ये काळी चोळी पसरलेली, सासूचा डावा हात वर, तिचा उजवा हात खाली, आणि गोंधळून ती गाठ उलटी घालते आहे. सासू म्हणते आहे, असू दे, माझ्या हाताची ओळख राहील. बाहेर नवरा, सॉ ले वा, सुपाऱ्या सोलतो आहे. त्याची पाठ दिसते, एक कान दिसतो, चेहरा दिसत नाही. चेहरा कधी गेला हे तिला सांगता आले नसते. पहिली काही वर्षे तो होता, छावणीत पाण्याच्या रांगेत उभी असताना तो आपसूक यायचा. मग यायचा तो दुसऱ्याच कोणाचा तरी नाक-डोळा घेऊन. मग तिने बोलावणे सोडले. राहिली ती टाच. टाचांच्या भेगा इतक्या खोल की झोपेत त्याने पाय ओढला की चटईच्या काड्या अडकायच्या आणि खर्र असा आवाज व्हायचा. छत्तीस दिवस तिने तो आवाज ऐकला. छत्तीसच, तिने मोजले होते, कारण मोजण्यासारखे दुसरे काही नव्हते. सदतिसाव्या दिवशी सैन्य आले, ओझी वाहायला गावातले चौदा पुरुष नेले, त्यात तो होता. उरलेले गाव नदीकडे पळाले. ती आपल्या माहेरच्या वस्तीकडे, दादाकडे पळाली, सासू रानात पळाली. नदी ओलांडताना तिच्या अंगावर ती काळी चोळी होती. पाण्याने जड झाली होती. एवढेच. नवऱ्यापेक्षा चोळीचे वजन तिला नीट आठवत होते, याची तिला लाज वाटायची. मग लाज वाटणेही थांबले.

टा ब्ले बोलत होती. तिला बोलायला आवडायचे, आणि इथे ऐकायला माणसे होती. सासूबाई कशा होत्या हे आजींनी विचारले होते आणि ती सांगत होती. रानात नऊ-दहा वर्षे लपून काढली त्यांनी, मुलगा ओझ्यातून पळून आला तेव्हा त्याच्याबरोबर. मग दोघे छावणीत आले. “माझं लग्न तिथंच झालं. ह्यांचं दुसरं. पहिली होती, पण ती गेली.”

“कशाने गेली गं?” आजींनी विचारले.

“मी नाही विचारलं. छावणीत आले त्याच आठवड्यात हे ऑफिसात गेले होते यादी बघायला. दुपारभर तिथं होते. परत आले आणि सासूबाईंना म्हणाले, ‘गेली.’ बस. पुढं दोघांनी कधी नाव काढलं नाही. सासूबाई एकदाच बोलल्या. माझी गाठ उजवीकडे पडली तर म्हणाल्या, ‘पहिलीला एकदा सांगितलं की कळायचं.’” टा ब्ले हसली. “मेलेल्या माणसाशी कोण बरोबरी करणार, आजी?”

“बरोबर. मेलेल्यांची भाकरी कधी करपत नाही,” आजी म्हणाल्या.

“आणि मग हेही गेले. दोन वर्षं झाली. जुनी सुपारीची बाग बघून येतो म्हणाले पलीकडे. तिथं सुरुंगावर पाय पडला. त्यांच्या टाचा इतक्या फुटलेल्या होत्या ना, मी म्हणायचे, तुमच्या टाचांनी चटई उसवते. चटई अजून आहे. इथं आणू दिली नाही विमानात.”

हसर मूने सुई कापडात खोचली आणि हात मांडीवर ठेवले. हीटर चालू होता. तिच्या अंगावर, पाठीच्या मधोमध, पाण्याने जड झालेली काहीतरी वस्तू बसली होती. तिला वाटले आपण उठून बाहेर जावे, पण उठण्यासाठी कारण लागते आणि बिनलग्नाच्या बाईला दुसऱ्याच्या नवऱ्याच्या मरणाने चक्कर यायचे कारण नसते. ती बसून राहिली. फिओनाने बिस्किटे फिरवली. हसर मूने एक घेतले आणि खाल्ले, पूर्ण, कण न सांडता.

बसने घरी जाताना ती एका शब्दापाशी अडकली. गेली. त्यांच्या भाषेतही तो शब्द दोन्हीकडे चालतो. नदीवर गेली, बाजारात गेली, देवाघरी गेली. यादी तिला माहीत होती. छावणीतल्या ऑफिसातली ती जाडी वही, जिच्यात माणसाच्या नावावर आडवी रेघ दोन कारणांनी पडायची, मेल्यावर किंवा विमानात बसल्यावर. रेघ तीच, शाईही तीच. पण रेघेच्या शेजारी लहान अक्षरांत कारण लिहिलेले असायचे, आणि तिच्या नवऱ्याला, ले वाला, वाचता येत होते. मिशनच्या शाळेत तो तिच्या पुढे दोन वर्षे होता. म्हणजे त्याने वाचले. हसर मू, वय सव्वीस. कुटुंबप्रमुख सॉ पा डो, भाऊ. ऑस्ट्रेलियाला रवाना. आणि मधल्या रकान्यात तो शब्द, जो त्याने दुपारभर पाहिला असेल. अविवाहित.

तो शब्द तिने लिहिला नव्हता. नोंदणीचे टेबल, आठ वर्षांनी एकदाची आलेली मोठी नोंदणी, पत्र्याखाली उकाडा, पुढे दादा, त्याच्यामागे वहिनी आणि तीन मुले, शेवटी ती. टेबलावरच्या माणसाने विचारले, ही कोण. दादा म्हणाला, “बहीण. अविवाहित.” तिने तोंड उघडलेही होते. पण आदल्या दिवशी वस्तीच्या मुकादमाने दादाला समजावून सांगितले होते की नवरा बेपत्ता असलेल्या बाईचे कागद अडतात. नवरा कुठे आहे हे सिद्ध करा म्हणतात, आणि तोवर सगळ्या कुटुंबाचे कागद अडतात. दादाने रात्रभर तिला हे सांगितले नाही. सांगितले असते तर ती हो म्हणाली असती, हेच त्यातले वाईट. ती हो म्हणाली असती आणि मग तो तिचा शब्द झाला असता. तोंड उघडले, आणि टेबलावरच्या माणसाने पुढचा प्रश्न विचारला, जन्मतारीख. तिने जन्मतारीख सांगितली.

तेव्हापासून हिशेब चालू होता, फक्त कोणी मांडला नव्हता. नव्या वर्षाच्या दिवशी बागेत सगळा समाज जमायचा, ढोल वाजायचे, आणि बायका काळ्या चोळ्यांत, पोरी पांढऱ्या झग्यांत. कागद एक बोलणार आणि अंग दुसरे, असे चालणार नव्हते. तिने पांढरा झगा घातला. इथल्या पहिल्या वर्षी ती अठ्ठावीस वर्षांची होती, तेव्हा कोणाला विशेष वाटले नाही. मग एकोणतीस, तीस, तेहतीस. रांगेत शेजारी सोळा-सतरा वर्षांच्या पोरी, दातांना तारा लावलेल्या, आणि मध्ये ती, गळ्याशी सुरकुत्या. फोटो काढणारा दरवर्षी म्हणायचा, मावशी, तुम्ही जरा मागे उभ्या राहा. ओल्या चोळीचे तिने छावणीतच काय केले होते ते तिला आठवत होते. उसवून दोरा काढून घेतला होता. बिया मात्र ठेवल्या होत्या, एका औषधाच्या बाटलीत. इथे तसे गवत उगवत नाही. बाहुलीवर होत्या त्या त्याच बिया.

आता त्याच्या बाजूने पाहावे, असे तिने बसमध्ये करून पाहिले, आणि ते तिला जमले नाही. दहा वर्षे ओझी, रान, ताप. मग छावणी, मग वही. बायको जिवंत आहे, हे एका ओळीत कळते. आणि त्याच ओळीत हेही कळते की तिने स्वतःला नवरा नाही असे सांगितले. त्याने काय समजायचे? तिने आपल्याला पुसले? की दादाने? की विमानासाठी? तो पत्र लिहू शकला असता. दादाचे नाव होते, देशाचे नाव होते. त्याने लिहिले नाही. तो घरी आला आणि आईला म्हणाला, गेली. खोटे बोलला नाही, खरेही बोलला नाही. एका शब्दात त्याने तिलाही मोकळे केले आणि स्वतःलाही, आणि ज्या बाईशी उद्या लग्न करायचे तिलाही मेलेल्याची भीती सोडून कुठली भीती ठेवली नाही. किंवा त्याने तसा काहीच विचार केला नसेल; उन्हातून आला असेल, तहान लागली असेल. बसच्या खिडकीवर तिचा श्वास साचला होता. उतरायचा थांबा मागे गेला होता.

रविवारी प्रार्थनेनंतर दादा अंगणात लिंबाच्या रोपाला पाणी घालत होता. वहिनींनी गुरुवारीच त्याला सगळे सांगितले असणार. तीन दिवस तो घरात घशात काटा अडकल्यासारखा वावरत होता. सॉ पा डो आता चर्चचा डीकन होता, चार माणसांत ज्याचे ऐकतात असा. पुढच्या महिन्यात कौन्सिलच्या सभागृहात त्याचे, वहिनींचे, मुलांचे आणि तिचे नागरिकत्वाचे शपथग्रहण होते. त्यासाठी त्याने कोट शिवला होता.

“ती बाहुली,” तो रोपाकडे बघत म्हणाला. “तिच्यावरचं काढून टाक.”

“काय काढू, दादा?”

“तुला माहिती आहे काय. ते ग्रंथालयात टांगणार. खाली नाव लिहिणार. आपल्यातलं कोणीही येऊन वाचेल आणि विचारेल. एकाने विचारलं की दुसरा सांगतो, दुसऱ्याने सांगितलं की तिसरा लिहून कळवतो. कागदावर एक आहे आणि भिंतीवर एक, असं दिसलं तर?”

“कौन्सिलची माणसं बिया वाचत नाहीत.”

“आपली वाचतात.”

ती दोरीवरचे कपडे काढू लागली. तो नळी दुसऱ्या हातात घेऊन म्हणाला, “एक शब्द होता, हसर मू. त्या एका शब्दावर सहा माणसं इथं आली. तू पण आलीस की.”

“मी नाही कुठं म्हणते.”

“मग?”

“तो मेलाय, दादा. दोन वर्षं झाली. टा ब्लेचा नवरा, तो तोच.”

पाणी रोपाच्या बुडातून वाहून त्याच्या चपलेत गेले. दादाला हे माहीत नव्हते. वहिनींनी गाठी पाहिल्या होत्या, बाकीचे त्यांच्या कानावर पडूनही आत गेले नव्हते. त्याने नळ बंद केला. हसर मूला दिसले की तोही मोजतो आहे; त्याच्या ओठांची ती हालचाल तिला लहानपणापासून ओळखीची होती. मग त्याने जे म्हटले ते बहुधा देवाला भिऊन म्हटले, पण आले ते फार व्यवहाराचे.

“मग तर काढच. तुझं लग्न चर्चमध्ये झालेलं. तू जिवंत असताना त्याने दुसरं केलं, तर त्या मुलीचं ते लग्न नव्हे. तिच्या पोरी मग कोणाच्या? सहा महिने झाले तिला इथं येऊन. बायका तिला काय म्हणतील?”

“आणि मला काय म्हणतात, दादा?”

त्याने नळी गुंडाळून भिंतीशी ठेवली. तो ओल्या चपला काढून आत गेला. थोड्या वेळाने वहिनींनी तिला मासळीची चटणी घातलेला भात अंगणातच आणून दिला, नेहमीपेक्षा जास्त, आणि म्हणाल्या, “खा. रडायचं तर इथं रड, आत मुलं आहेत.” हसर मू रडली नाही. ज्याचा चेहरा आठवत नाही त्याच्यासाठी कसे रडायचे, हे तिला कोणी शिकवले नव्हते. आणि विधवेचे रडणे विधवेला शोभते, तो अधिकार टा ब्लेपाशी होता. तिने भात खाल्ला.

पुढच्या गुरुवारी ती सगळ्यांच्या आधी आली. कापड टेबलावर पसरलेले होते, नदी मधून निळ्या दोऱ्याने वाहत होती, आणि एकोणीस बाहुल्या तिच्या काठावर उभ्या होत्या, आजींच्या सात डुकरांसकट. टा ब्लेच्या बाहुलीची चोळी अर्धी भरलेली, अर्धी काळी. तिच्या बिया संपल्या होत्या. पुडीभर आणल्या होत्या त्यातल्या निम्म्या धाकटीने नाल्यात टाकल्या. फिओनाने प्लॅस्टिकचे मणी आणून दिले होते. ते डबीत तसेच होते.

हसर मूने लहान कात्री घेतली. पहिली गाठ कापताना तिला सासूचा हात दिसला, डावा, हिरव्या शिरा उठलेला. गाठ पक्की होती. त्या जुन्या चोळीवर असती तर सोळा वर्षे टिकली असती अशी. कात्रीचे टोक तिच्याखाली घालून उचलावे लागे, मग टक् असा बारीक आवाज, आणि बी सुटे. अकरा वेळा टक्. बिया तळहातावर घेतल्या तर त्या गार होत्या. मग तिने झग्याकडे पाहिले. पांढऱ्या घट्ट सुतात अकरा भोके होती. सुईची भोके बुजवायला कापड ओले करून नखाने चोळायचे, हे तिथल्या प्रत्येक पोरीला येते. तिने बोट जिभेला लावून पहिले भोक ओले केले आणि चोळले, मग दुसरे. भोकांत लाल दोऱ्याचे तुटके धागे राहिले होते. घरचा दोरा घरच्या रंगात रंगवलेला असतो आणि ओले झाल्यावर रंग सोडत नाही. हा इथल्या दुकानातला होता. पाचव्या भोकाला तिच्या ध्यानात आले. प्रत्येक भोकाभोवती लाल ओघळ पसरला होता, कडेला फिका होत गेलेला. तिने हात काढून घेतला. मग उरलेली सहाही तिने तशीच ओली केली. पाच डाग चूक वाटले असते. अकरा निदान नक्षी वाटले.

बायका आल्या. आजींनी चष्मा लावला, झगा पाहिला, हसर मूचे तोंड पाहिले, आणि आजवर कोणी पाहिले नव्हते असे केले, थट्टा गिळून सुईत दोरा ओवू लागल्या. टा ब्ले आली तेव्हा हसर मूने मूठ तिच्यासमोर उघडली.

“घे. माझ्या चुकून लागल्या होत्या. तुझ्या कमी पडतात ना.”

टा ब्लेने एक बी उचलून उजेडात धरली. या बिया काही नव्या नव्हत्या, वापराने पिवळट झाल्या होत्या. आणि अजून त्यांच्या पोटात जुन्या दोऱ्याचे टोक होते, काळपट लाल, घरच्या रंगाचे. तिने बी बोटांत फिरवली. तिने पुढचे विचारले नाही, कुठून आणल्या, आई कुठल्या गावची. ती एवढेच म्हणाली, “ताई, तुम्हाला राहू देत एखादी.”

“मला कुठं लावायची?”

टा ब्ले खाली बसली आणि शिवू लागली. दोन तासांत तिने एकदाही सासूबाईंचे नाव काढले नाही, नवऱ्याचे नाही. जिला बोलायला आवडायचे ती बोलली नाही, आणि ते फक्त हसर मूला ऐकू आले.

कापड ग्रंथालयात लागले तेव्हा थंडी उतरली होती. कौन्सिलच्या सदस्याचे भाषण झाले, तांदळाचे वडे झाले, मुले लिफ्टने वर-खाली करत होती. दादा कोट घालून आला होता. शपथ होऊन पंधरा दिवस झाले होते, आणि कौन्सिलने शपथेच्या वेळी प्रत्येक कुटुंबाला दिलेले झाडाचे रोप लिंबाशेजारी लागले होते. फिओना हसर मूचा हात धरून तिला तिच्या वीतभर जागेपाशी घेऊन गेली. तिचे डोळे भरले होते. ती वाईट बाई नव्हती; तिला फक्त प्रत्येक गोष्टीचा अर्थ हवा असायचा आणि तो थांबून राहत नसे. बाहुलीखाली पट्टी होती. ला से वहिनींनी अडखळत वाचून दाखवली. “हसर मू. अविवाहित. आपल्या पांढऱ्या झग्यावर तिने अकरा गोळ्यांची भोके दाखवली आहेत, तिच्या गावातल्या अकरा मृतांसाठी.” वहिनींनी शेवटचे वाक्य वाचले आणि घाबरून तिच्याकडे पाहिले. लोक पुढे येत होते, वाकून बघत होते, एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईने छातीवर हात ठेवला. संपूर्ण कापडात त्याच्याइतके दुसरे काही लोकांना भिडले नाही. डुकरांकडे कोणी पाहिले नाही.

“सांगा ना त्यांना,” वहिनी कुजबुजल्या. “की तसं नाही.”

“मग कसं आहे, वहिनी?”

वहिनींनी पट्टी पुन्हा एकदा मनात वाचून पाहिली.

गर्दी वड्यांकडे सरकल्यावर टा ब्ले जवळ आली. तिच्या दोन्ही मुली तिच्या परकराला धरून होत्या. मोठीने पाय घासत घासत टाच जमिनीवर ओढली, खर्र, नव्या बुटाची. हसर मूने तिकडे पाहिले नाही. टा ब्लेच्या बाहुलीची चोळी पूर्ण झाली होती, सगळ्या गाठी डावीकडे. नव्या बिया जुन्यांत मिसळल्या होत्या, पण हसर मूला आपल्या ओळखू येत होत्या, पिवळट. तिने मोजल्या. दहा होत्या.

“मागून एकदा हात फिरवा, ताई,” टा ब्ले कापडाकडे बघत म्हणाली. “तुमच्या इथं अस्तर सुटतंय का बघा.”

कापड भिंतीपासून चार बोटे सुटे होते. हसर मूने कडेने हात आत घातला, कोपरापर्यंत, आणि आपली बाहुली कुठे असेल ते अंदाजाने चाचपले. अस्तर सुटले नव्हते. पण त्याच्याआड, झग्याच्या छातीमागे, बोटाला काहीतरी टणक लागले. एक बी. आणि तिच्याखाली गाठ. नखाने तिने गाठीची दिशा पाहिली.

“नाही सुटलं,” ती म्हणाली.

“मी पक्कं शिवलंय,” टा ब्ले म्हणाली, आणि मुलींना घेऊन वड्यांकडे गेली.

तर जमाखर्च असा झाला. फिओनाला अकरा मृत मिळाले, जे कधी मेले नव्हते. दादाला देश आणि एक रोप मिळाले. ले वाने एका दुपारी वहीसमोर उभे राहून आपल्या वाटचे भरले आणि पावती मागितली नाही. टा ब्ले निखळ विधवा होती, दोन वर्षे. ते तिने एका बीसोबत कापडामागे शिवून टाकले, आणि आता मुलींना वाढवताना रोज थोडे थोडे ती भरणार होती. आणि हसर मू हात आत घालून तशीच उभी राहिली, बोट गाठीवर, गर्दीकडे पाठ करून. पाहणाऱ्याला वाटावे की पांढऱ्या झग्यातली ती पोक्त कुमारिका कापड धरून उभी आहे, पडू नये म्हणून.